लायसन परत मिळालं, पुढे?

"ताई, आरटीओत कुणी ओळखीचं आहे का हो?"

तालुक्याच्या गावातून एका वहिनींचा फोन आला, तो थेट असाच. त्यांचे मिस्टर मित्राच्या मुलाच्या वरातीतून परत येताना नाकाबंदीत सापडले. यंत्रात फुंकर मारायला लावली, आकडा आला, लायसन पोलिसांनी ठेवून घेतलं आणि हातात एक पावती दिली. पुढे कोर्टात १०,००० रुपये दंड झाला, वर सहा महिने गाडी चालवायला बंदी. मिस्टरांचं काम पशुखाद्याच्या ऑर्डरी घेत गावोगाव फिरण्याचं. गाडी बंद म्हणजे धंदा बंद. एक एजंट म्हणत होता, पैसे द्या, पंधरा दिवसांत सोडवून देतो.

वहिनींचा आवाज रडवेला होता. पण सगळं बोलणं लायसनबद्दल. दारूबद्दल एक अक्षर नाही.

आधी कायद्याचं सांगते, कारण या बाबतीत घरोघरी ऐकीव गोष्टीच जास्त. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या वेळेला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलं तर १५,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याआधी पहिला दंड होता जास्तीत जास्त २,००० रुपये! हा दंड रस्त्यावर भरून मोकळं होता येत नाही, कोर्टात जावंच लागतं. म्हणजे चौकात कुणी "इथेच मिटवू" म्हणत असेल, तर ते काय असतं हे मी सांगायला नको.

लायसन दोन वाटांनी जातं. पोलिसांनी जप्त केलेलं लायसन आरटीओकडे जातं. तिथे बाजू मांडायची संधी देऊन अधिकारी पहिल्या वेळेला तीन महिने बंदी घालू शकतो, दुसऱ्यांदा लायसन रद्दच. या हुकमावर ३० दिवसांत अपील करता येतं. दुसरी वाट कोर्टाची. कलम १८५ खाली दोषी ठरवलं तर कोर्टाने किमान सहा महिने बंदी घालावी, असं कायदाच सांगतो. त्यामुळे "पंधरा दिवसांत सोडवून देतो" म्हणणारा एजंट एकतर तुम्हाला फसवतोय, नाहीतर तुम्हाला नव्या गुन्ह्यात ओढतोय.

आणि ती पावती! आमचे हे त्यावरच गाडी चालवतात, असं कित्येकजणी बिनधास्त सांगतात. काही गुन्ह्यांत पोलिसांची पावती लायसनच्या जागी चालते, त्यातून हा गैरसमज पसरलाय. पण दारू पिऊन चालवल्याबद्दल लायसन घेतलं असेल, तर त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. कायद्यात तसं स्वच्छ लिहिलंय. बंदीत गाडी चालवताना सापडलं तर पुन्हा १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता आपल्या कामाची गोष्ट. तुमच्या घरातली स्कूटी कुणाच्या नावावर आहे? बचतगटाचं कर्ज काढून किंवा माहेरच्यांनी दिली म्हणून, आजकाल बऱ्याच गाड्या बायकांच्या नावावर असतात. चांगलंच आहे. पण ज्याला चालवायची परवानगी नाही त्याला मालकाने गाडी चालवू दिली, तर मालकाला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बंदी नवऱ्याला, आरसी बुकावर नाव तुमचं. अपघात झाला आणि समोरच्याला भरपाई द्यायची वेळ आली, तर विमा कंपनी ते पैसे नंतर मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. "जरा कोपऱ्यावर जाऊन येतो" म्हणून किल्ली मागितली जाते, तेव्हा हे सगळं त्या किल्लीला लटकलेलं असतं. किल्ली नाही म्हणणं सोपं नसतं, मला ठाऊक आहे. काही घरांत त्याची किंमत अंगावर वळ उठण्याइतकी असते. तिथे हट्ट धरून स्वतःला धोक्यात घालू नका. गाडी काही दिवस भावाकडे नेऊन ठेवणं जास्त शहाणपणाचं.

घरातल्या माणसाला वाचवायला घर धावतं, हे जुनंच आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. निबंध लिहायला सांगून त्याला जामीन दिला म्हणून सगळा महाराष्ट्र संतापला. मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली पुढे डॉक्टरांबरोबर त्याच्या आई-वडिलांनाही अटक झाली. वयाची २५ वर्षं होईपर्यंत त्या मुलाला लायसन मिळणार नाही, असं परिवहन खात्याने जाहीर केलं. आपल्या वहिनींची गोष्ट यापुढे अगदीच लहान. पण ओळख काढ, पैसे दे, प्रकरण दाब, ही धाव त्याच दिशेची नाही का?

बरं, बंदी संपली. लायसन परत कसं मिळतं? आरटीओने जमा करून घेतलेलं लायसन नुसती तारीख उलटली म्हणून हातात येत नाही. चालकांसाठीचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीत ही अट आली, आणि मला ती योग्य वाटते. पण उजळणी कशाची? गाडी चालवण्याची. त्या माणसाला गाडी येत होतीच की! अडचण गाडीची नव्हती, बाटलीची होती. सराईत दारुड्याचं लायसन काढून घ्यायचा अधिकार कायद्यात आहे. पण परत देताना "बाबा, पिणं थांबलं का?" असं विचारून रक्त तपासायची अट नाही.

काही देशांत हे विचारतात. ब्रिटनमध्ये मर्यादेच्या अडीच पटीहून जास्त दारू सापडलेल्यांना किंवा चाचणीच नाकारणाऱ्यांना बंदीनंतर डॉक्टरी तपासणी आणि रक्ताची चाचणी द्यावी लागते. सततच्या पिण्याच्या खुणा दिसल्या तर लायसन नाही. जर्मनीत जास्त प्यायलेल्याला डॉक्टरबरोबर मानसतज्ज्ञासमोरही बसवतात. दारूबाबत तुझ्यात काय बदललं, हे तिथे पटवून द्यावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न उरतो बायकोच्या वाट्याला. आणि तो उत्तराशिवाय राहिला तर लायसन पुन्हा जातं, तेही सकाळी. शरीर रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या संथ वेगाने अल्कोहोल बाहेर टाकतं. लिंबूपाणी, कांदा, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत भरपूर प्यायलेला माणूस सकाळी आठला दूध आणायला निघाला, तरी यंत्रात सापडू शकतो. आणि ती दुसरी वेळ असते.

मग मी वहिनींना विचारलं, "रोज घेतात का?" बराच वेळ फोनवर काहीच नाही. मग हळूच, "रोज नाही हो... म्हणजे आता रोजच."

त्यांना मी आरटीओतलं कुणी गाठून दिलं नाही. पुण्याच्या मुक्तांगणची माहिती दिली. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र. बायकांसाठी अल-अॅनॉनच्या बैठका असतात, तेही सांगितलं. नवरा यायला तयार नसला तरी तिथे आपण एकटीने जाऊ शकतो.

परवा वहिनींचा पुन्हा फोन आला. एजंटला नाही म्हणून सांगितलंय. मिस्टर ऑर्डरी फोनवर घेतात, लांबच्या गावांना एसटीने जातात, कुरकुर चालूच आहे. मुक्तांगणचं नाव काढल्यावर एक दिवस जेवले नाहीत. "अजून चार महिने आहेत ना ताई," वहिनी म्हणाल्या, "दर आठवड्याला एकदा विषय काढणार आहे." स्कूटीची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये असते.