हुकमी एक्का किती वेळा टाकायचा? पुणेरी पलटणवरून रंगणारा वाद नेमका काय आहे?

कर्जत म्हटलं की लोक आधी लोकल ट्रेन विचारतात. ते रायगडचं. आम्ही बोलतोय ते नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं कर्जत. इथं लोकल नाही, पण चहाच्या टपरीवर प्रशिक्षक मात्र डझनभर सापडतात. त्यांचा आवडता विषय एकच : पुणेरी पलटण फायनलमध्ये हरली ती कुणामुळे?

३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची फायनल झाली. दबंग दिल्लीनं पुण्याला ३१-२८ असं हरवलं. अंतर फक्त तीन गुणांचं, त्यामुळे वाद मिटायला तयार नाही. एक गट म्हणतो, प्रशिक्षक अजय ठाकूरनं हुकमी चढाईपटूंना अजून वापरायला हवं होतं. दुसरा म्हणतो, तेच तेच दोघं-तिघं चढाईला गेले की समोरच्याला पाठ होतात.

या वादात नगरकरांचा जीव जरा जास्तच अडकलाय. कारण पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार आपल्याच जिल्ह्याचा, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात तो होता. त्यामुळे ‘अस्लमला किती चढाया द्यायच्या’ हा इथं घरचा प्रश्न आहे.

पण बरोबर कोण? त्यासाठी आधी थोडं गणित बघू.

एका सामन्यात चढाया किती?

सामना ४० मिनिटांचा आणि एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण ४० चढाया येतात. प्रशिक्षकाच्या हातातलं भांडवल एवढंच. ते कुणावर खर्च करायचं, हा सगळा खेळ.

आता तुम्ही म्हणाल, जो सगळ्यात भारी आहे त्यालाच ४० वेळा पाठवा की! इथंच गडबड आहे.

हुकमी चढाईपटूची पकड झाली की एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. समोरच्याला गुण मिळतो. त्यांचा बाद झालेला एक गडी परत येतो. आणि आपला एक्का बाहेर जाऊन बसतो. तो परत कधी येणार? आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला की. त्यातही जो आधी बाद झाला तोच आधी आत येतो. बोनसचा गुण मिळाला तरी त्यानं कुणालाही जीवदान मिळत नाही.

म्हणजे एक्का बाहेर असताना त्याला परत आणायचं काम दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूवर येतं. तोच कच्चा असेल तर एक्का बाहेर बसून राहतो, मैदानावरचे गडी कमी होत जातात आणि शेवटी लोण चढतो. लोणाचे दोन जादा गुण समोरच्याला. तीन गुणांनी फायनल हरणाऱ्या संघाला हे दोन गुण काय असतात, ते वेगळं सांगायला नको.

मग तिसरा चढाईपटू कशासाठी?

सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’ची. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. ही जोखमीची चढाई अनेक प्रशिक्षक मुद्दाम दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला देतात. तो बाद झाला तरी एक्का आत राहतो. आपल्याला टीव्हीसमोर वाटतं, ‘अरे याला का पाठवलं?’ पण त्याला पाठवण्यामागे एक्का वाचवण्याचा हिशेब असतो.

आकडे काय सांगतात?

पुण्याचं एकमेव विजेतेपद दहाव्या हंगामातलं. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. त्या हंगामात चढाईत सगळ्यात जास्त २७६ गुण मिळवले ते दिल्लीच्या आशू मलिकनं. अस्लमचे चढाईचे गुण त्याच्या आसपासही नव्हते, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम. कारण चढाईचा भार अस्लम, मोहित गोयत आणि पंकज मोहिते यांच्यात वाटलेला होता. फायनलमध्ये पुण्याकडून सर्वाधिक ९ गुण पंकजचे. मागं मोहम्मदरेझा शादलूसारखा पकडपटू उभा होता. प्रशिक्षक होते बी. सी. रमेश.

अकराव्या हंगामात पाटण्याच्या देवांक दलालनं चढाईत ३०१ गुण कमावले. पण फायनलमध्ये पाटणा हरलं आणि हरियाणा जिंकलं. शादलू आता हरियाणाकडे होता, २ कोटी ७ लाखांना घेतलेला. त्याच हंगामात अस्लमला दुखापतीनं मधूनच बाहेर बसावं लागलं आणि गतविजेतं पुणे पहिल्या सहांतही आलं नाही.

मग एक्क्यावर खेळणारे संघ जिंकतच नाहीत का? जिंकतात. पाचव्या हंगामात प्रदीप नरवालनं चढाईत विक्रमी ३६९ गुण घेतले आणि पाटणा विजेतं झालं. नवव्या हंगामात जयपूरचा अर्जुन देशवाल चढाईत अव्वल होता आणि जयपूरनं फायनल जिंकली. समोर कोण होतं? पुणेच. निकाल ३३-२९. दुखापतीमुळे अस्लम आणि मोहित त्या फायनलला नव्हते.

म्हणजे एक्क्याच्या जोरावर कप येऊ शकतो. पण त्यासाठी एक्का हंगामाच्या शेवटच्या दिवशी धडधाकट उभा हवा. पुण्याचं दुखणं नेमकं तिथंच आहे.

म्हणूनच बाराव्या हंगामातली एक गोष्ट विसरता येत नाही. फायनलच्या आधीच्या सामन्यात पुण्यानं तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवलं. त्यात आदित्य शिंदेनं २२ गुण घेतले. प्रशिक्षकानं दुसरी फळी तयार ठेवली होती, म्हणूनच पुणे फायनलपर्यंत पोहोचलं. टपरीवर शिव्या खाणाऱ्या अजय ठाकूरच्या खात्यात हेही लिहायला हवं.

आपण एकाच माणसाकडे का बघतो?

याचं एक कारण कर्जतच्या मातीत असावं. हा कुस्तीचा मुलूख. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची महाराष्ट्र केसरी कर्जतलाच झाली आणि सोलापूरच्या वेताळ शेळकेनं गदा नेली. कुस्तीत एकच पैलवान जिंकतो किंवा हरतो. तीच नजर घेऊन आपण कबड्डी बघतो आणि सात जणांच्या खेळात एकच पैलवान शोधतो.

टीव्हीपुरतं हे ठीक आहे. पण हीच नजर गावच्या मैदानावरही असते. गावोगावच्या स्पर्धांत संघातला एक चपळ पोरगा हेरला जातो आणि दिवसभर, सामन्यामागून सामना, त्यालाच चढाईला पिटाळलं जातं. बाहेरून प्रेक्षक त्याच्याच नावानं ओरडत असतात. प्रो कबड्डीतल्या खेळाडूच्या मागे फिजिओ असतो. गावच्या पोराच्या मागे फार तर बर्फाची पिशवी. गुडघा गेला की खेळ गेला, आणि खेळाडूंच्या राखीव जागेतून मिळू शकणारी सरकारी नोकरीही गेली.

त्यामुळे पुढच्या वेळी आपल्या गावच्या प्रशिक्षकानं हुकमी पोराला थांबवून दुसऱ्याला चढाईला पाठवलं, तर शिट्ट्या मारायच्या आधी बाहेर किती गडी बसलेत आणि कितवी रिकामी चढाई आहे, तेवढं मोजा. कदाचित तो सामना घालवत नसेल, त्या पोराचा गुडघा वाचवत असेल.