फळ्यावरचे उतरवून झाले, आता स्वतःचे लिहूया

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पाने जोडण्याचा निर्णय घेतला. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि गरीब घरांवर वह्यांचा खर्च पडू नये, हा त्यामागचा हेतू. त्या पानांना नावही छान दिले होते, 'माझी नोंद'. दोन वर्षेही पुरी झाली नाहीत, तोच जानेवारी २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. मुले त्या पानांचा पुरेसा वापर करत नव्हती, वेगळ्या वह्या आणतच होती आणि ओझेही कमी झाले नव्हते.

त्यावर चर्चा झाली ती दप्तराच्या वजनाची आणि कागदाच्या खर्चाची. पान कोरे का राहिले, हे फारसे कोणी विचारले नाही. माझ्या मते उत्तर सोपे आहे. स्वतःची नोंद करायची म्हणजे काय करायचे, हे त्या मुलाला कोणी शिकवलेच नव्हते.

आपल्या मुलांच्या वह्या उघडून पाहा. वर्गपाठाच्या वहीत फळ्यावरचे उतरवलेले असते. गृहपाठाच्या वहीत गाईडमधले. निबंधाच्या वहीत ताईच्या किंवा दादाच्या मागच्या वर्षीच्या वहीतले. दहावीपर्यंत मुलगा रद्दीवाल्याला द्यावे लागेल इतके कागद भरतो, पण त्यात त्याचे स्वतःचे वाक्य शोधावे लागते. 'माझा आवडता सण' या विषयावर आपल्या वस्तीतली कितीतरी मुले दिवाळीचा निबंध पाठ करून लिहितात, कारण गाईडमध्ये तोच छापलेला असतो. दिवाळीबद्दल तक्रार नाही, शेजारच्या घरचा फराळ कोणाला आवडत नाही? पण चाँदरातीला अम्मीशेजारी बसून शीरखुर्म्यासाठी खारीक कापणाऱ्या मुलीला त्या रात्रीबद्दल पाच वाक्ये लिहिता येत नसतील, तर तिच्या हातात पेन असून उपयोग काय?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, शिक्षक नाही. रविवारी काही मित्रमैत्रिणी मिळून वस्तीतल्या सातवी ते दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग घेतो, एवढाच माझा शिक्षणाशी संबंध. पण नोकरीच्या ठिकाणी मी जे रोज पाहतो, त्याचे मूळ या वह्यांत आहे असे मला वाटते. नवीन मुलाखती घेताना कोड बरा लिहिणारी मुले भेटतात. 'प्रोग्राम कुठे अडला, का अडला, तुम्ही काय करून पाहिले, हे दहा ओळींत लिहून द्या' म्हटले की अनेकांचा हात थांबतो. आमच्या कामाचा मोठा भाग लिहिण्याचाच असतो. चूक सापडली तर ती लिहून कळवावी लागते, नवी रचना सुचली तर आधी कागदावर मांडावी लागते. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकले आणि त्याऐवजी सलग वाक्यांत लिहिलेले टिपण आणायला सांगितले. मुद्द्यांच्या यादीत विचारातली भोके झाकली जातात. सलग लिहायला बसले की ती उघडी पडतात.

सरकारी नोकरीची वाट धरणाऱ्यांसाठी तर हा प्रश्न आता दारात येऊन उभा आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक करण्याचा निर्णय एमपीएससीने २०२२ मध्ये जाहीर केला. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. पर्यायांवर खुणा करण्याची तयारी अनेक वर्षे केलेल्या मुलांची मागणी मी समजू शकतो. पण मुदत मिळाली म्हणून लिहिण्याची सवय आपोआप लागत नाही. ती दोन महिन्यांच्या क्लासमध्ये लागत नाही, ती सातवी-आठवीपासून लागते.

नोकरीच्या पलीकडचेही एक कारण आहे. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती शाळकरी मुलगी होती, तरी तिने आपल्या लोकांचे हाल स्वतःच्या शब्दांत मांडले, म्हणून पावणेदोनशे वर्षांनीही आपण तिचे म्हणणे ऐकू शकतो. त्याच काळातल्या फातिमा शेख यांचे मात्र आपल्याजवळ काय आहे? सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. जानेवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर 'अशी कोणी व्यक्तीच नव्हती' असा दावा झाला, तेव्हा आपल्याला त्या पत्राकडे बोट दाखवावे लागले. फातिमांच्या हातचे एक पान जरी आपल्यापर्यंत आले असते, तर? आज आपल्याबद्दल वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर, व्हॉट्सॲपवर रोज कोणी ना कोणी लिहितो. आपल्या मोहल्ल्याबद्दल आपण किती लिहितो?

आपल्याकडे शिक्षणावरच्या प्रत्येक भाषणात 'इक्रा'चा उल्लेख होतो. वाचा, म्हणजे शिका. पण त्याच सूरहमध्ये पुढे कलमचाही उल्लेख आहे. आपले वक्ते वाचनापाशी थांबतात, कलमपर्यंत पोहोचत नाहीत.

लिहिल्याने केवळ भाषा सुधारते असेही नाही. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून बाजूला ठेवला आणि जेवढे आठवते तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री धडा चार वेळा वाचून 'सगळे येते' असे का वाटते आणि महिन्याभराने त्यातले काहीच का उरत नाही, याचे उत्तर या प्रयोगात आहे. पुस्तक मिटून लिहायला सुरुवात केली की आपल्याला काय येत नाही, ते लगेच कळते. मुले ते टाळतात, कारण ते टोचते.

आता 'आपली मुले गरीब, आईवडील शिकलेले नाहीत, त्यांना कुठले लिहिता येणार' असे म्हणणाऱ्यांना मी इटलीतल्या बार्बियाना या डोंगरातल्या गावाचे उदाहरण देतो. तिथे लोरेन्झो मिलानी नावाचे धर्मगुरू शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवत. त्यांतली बरीच मुले नेहमीच्या शाळांत नापास होऊन बाहेर पडलेली. १९६७ मध्ये त्यांच्यातल्या आठ जणांनी मिळून आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षणव्यवस्थेला उद्देशून एक पुस्तक लिहिले. ते जगभर गाजले, मराठीतही 'प्रिय बाई' या नावाने आले. ते कसे लिहिले, हेही त्यांनी त्यातच सांगून ठेवले आहे. प्रत्येकाच्या खिशात एक छोटी वही. काही सुचले की लगेच टिपायचे, एका कागदावर एकच कल्पना आणि तीही एकाच बाजूला. मग एक दिवस सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे. दोनदा आलेले काढायचे, एकमेकांशी जुळणाऱ्यांचे गठ्ठे करायचे. एका गठ्ठ्याचे एक प्रकरण. मग अनावश्यक शब्द काढत जायचे. शेवटी बाहेरच्या, शक्यतो फार न शिकलेल्या माणसांना बोलावून ते मोठ्याने वाचायला लावायचे आणि त्यांना कुठे समजत नाही ते पाहायचे.

यात पैसा लागत नाही, इंग्रजी माध्यम लागत नाही. वही, वेळ आणि ऐकणारे चार लोक एवढेच लागते.

आमच्या रविवारच्या वर्गात आम्ही यातले जमेल तेवढे करतो. प्रत्येकाला एक शंभर पानी वही. तिच्यावर विषयाचे नाव नाही, मुलाचे नाव. नियम चार आहेत.

पहिला, रोज पाच वाक्ये, आज स्वतः पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टीची. 'पाऊस पडला' चालत नाही. कुठे पडला, काय भिजले, कोण ओरडले, ते हवे.

दुसरा, आठवड्यातून दोनदा शाळेतला एक धडा वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि जेवढे आठवते तेवढे आपल्या भाषेत लिहायचे. मग पुस्तक उघडून राहिलेले दुसऱ्या शाईने भरायचे. दुसऱ्या रंगात जेवढे असेल, तेवढाच अभ्यास बाकी.

तिसरा, आठवड्याला एक 'का' आणि त्याचे उत्तर. उत्तर घरातल्या किंवा गल्लीतल्या माणसाला विचारून मिळवायचे. गॅरेजवाल्या चाचांना विचारून एका मुलाने 'इंजिन गरम का होते' यावर दीड पान लिहिले. विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा त्याला त्यानंतर समजला.

चौथा, महिन्याला एक खरा कागद. अर्ज, तक्रार, विनंती किंवा पत्र, खऱ्या माणसाला किंवा खऱ्या कार्यालयाला.

आम्ही लाल पेन वापरत नाही. रविवारी ज्याला वाचायचे त्याने वाचायचे. ऐकणाऱ्यांनी फक्त 'इथे कळले नाही' एवढेच सांगायचे. शुद्धलेखन महत्त्वाचे नाही असे कोणी समजू नये. अर्ज बाहेर जाण्याआधी त्याची प्रत्येक वेलांटी तपासली जाते. पण पहिल्याच ओळीवर पाच लाल गोळे पडले की मूल सहावी ओळ लिहीत नाही.

भाषेचा प्रश्न सगळे पालक विचारतात. घरात दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, पुढे कॉलेजात इंग्रजी. मग लिहायचे कशात? आमचे उत्तर असे की ज्या भाषेत वाक्य सुचते, त्या भाषेत लिहा. एका मुलाने सुरुवातीला देवनागरीत चक्क दखनीच लिहिली, 'टँकर आजबी नै आया'. काही महिन्यांनी तो स्वतःच विचारू लागला की हे मराठीत कसे म्हणायचे. सांगण्यासारखे काही हाती असले की भाषा शोधायला मूल तयार होते. आधी भाषा शुद्ध करा, मग बोला, असे म्हटले की ते गप्प बसते.

टँकरचीच गोष्ट पुढे गेली. आठवीतल्या एका मुलीच्या वहीत पाण्याचा उल्लेख वारंवार येऊ लागला, कारण टँकर आला की तिला अभ्यास सोडून घागरी घेऊन पळावे लागे. आम्ही तिला म्हटले, तारीख आणि वेळ लिहीत जा. तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्यावर त्यातून एक पानी अर्ज तयार झाला. कोणत्या दिवशी टँकर आला, कोणत्या दिवशी नाही, किती वाजता. तिची अम्मी आणि गल्लीतल्या आणखी काही बाया तो घेऊन पाणी खात्यात गेल्या. याआधी त्या तोंडी तक्रार करून परत यायच्या. या वेळी अर्जाची पोच मिळाली, शिक्का आणि आवक क्रमांकासह. पाण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी त्या बाया कार्यालयात गेल्या तेव्हा त्यांच्या हातात क्रमांक होता, आणि 'तुम्ही कधी सांगितले?' असे कोणाला विचारता आले नाही.

आता तरुण मित्र एक गोष्ट नक्की म्हणतील. चॅटजीपीटी आहे की, अर्ज तो लिहून देईल, निबंधही देईल. हो, देईल. मी स्वतः कामात ही साधने रोज वापरतो. पण त्या मुलीच्या गल्लीत मंगळवारी टँकर आला नाही, हे त्याला माहीत नाही. ते कोणीतरी पाहून टिपलेले असावे लागते. शिवाय त्याने लिहून दिलेले बरोबर आहे की नाही, हे तपासायला स्वतःला नीट विचार करता यावा लागतो, आणि तो सराव वहीतच होतो. यंत्र उतरवण्याचे काम आपल्यापेक्षा चांगले करते. म्हणजे ज्या मुलाला फक्त उतरवणे शिकवले, त्याची किंमत उद्या सर्वांत आधी कमी होणार. आपल्या समाजातली पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी पिढी नेमकी या टप्प्यावर उभी आहे, म्हणून मला घाई वाटते.

शाळांवर सगळे ढकलून चालणार नाही. एका वर्गात साठ मुले सांभाळणाऱ्या शिक्षकाकडून प्रत्येकाची रोजची पाच वाक्ये वाचण्याची अपेक्षा कशी करायची? ती वाचायला आपण आहोत. आपल्या मोहल्ल्यात दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो, शाल, ट्रॉफी, फोटो होतात. त्या खर्चातून शे-दोनशे वह्या सहज येतील. मशिदीशेजारची खोली, एखादे वाचनालय, कोणाच्या घरची गच्ची, आठवड्यातून दोन तास पुरेत. पदवी झालेल्या प्रत्येकाने पाच मुलांच्या वह्या वाचायच्या ठरवल्या, तरी मोठे काम होईल. मुलींना यात आवर्जून घ्या, कारण घरात त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घेणारे बहुधा कोणी नसते.

आणि तुम्ही स्वतः विद्यार्थी असाल तर कोणाची वाट पाहू नका. आज रात्री झोपण्याआधी पाच वाक्ये लिहा. विषय सापडत नसेल तर खिडकीतून खाली पाहा. शासनाने 'माझी नोंद'ची पाने काढून घेतली असतील, पण कोपऱ्यावरच्या दुकानात वही अजून मिळते.