हळदीचा रंग आणि हळदीचा दाम

हळदीचा पिवळा रंग ही निसर्गाची देणगी आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तो रंग हळकुंडातून बाजारात येतो, त्यामागे शेतकऱ्याची आठ-नऊ महिन्यांची राबणूक असते. काढणी, शिजवण, वाळवण आणि पॉलिश करणाऱ्या मजुरांचे श्रम असतात. त्या श्रमाचा हिशेब कोणी मांडावयाचा?

या रंगाचे सार म्हणजे कर्क्युमिन. हळदीत त्याचे प्रमाण साधारणतः दोन ते सहा टक्के असते. युरोपात खाद्यरंग म्हणून त्याला ई-१०० हा क्रमांक आहे. टार्ट्राझिनसारखे कृत्रिम रंग वापरलेल्या पदार्थांवर मुलांच्या वर्तनासंबंधीचा इशारा छापण्याची सक्ती तेथे २०१० साली झाली. साहजिकच कारखानदार वनस्पतिजन्य रंगांकडे अधिक वळले. मात्र कच्ची हळकुंडे विकणाऱ्याच्या पदरात या वाढत्या मोलाचा वाटा फारसा पडत नाही. तो अर्क काढणाऱ्याकडे जातो.

सांगलीसारख्या बाजारपेठांतील सौद्यात हळदीची प्रत मुख्यतः आकार, वाळवण आणि चकाकी यांवरून ठरते. डोळ्यांना दिसणाऱ्या पिवळेपणालाच दाम मिळू लागला, की भेसळीला आमंत्रण मिळते. बांगलादेशात हळकुंडांना लेड क्रोमेट हे विषारी रंगद्रव्य चोळले जात असे. त्यातील शिसे बालकांच्या मेंदूला कायमची इजा करते. २०१९ मध्ये तेथील बाजारांतील तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्के दूषित निघाले. शासनाने धाडी घातल्या, दंड केले, लोकांत प्रचार केला. २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. शासनाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचा हा धडा आहे.

आपल्याकडेही शासन निद्रिस्त नव्हते. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आव्हान देऊन १९९७ साली रद्द करविले. परंपरेच्या ज्ञानाचे रक्षण झाले, हे अभिमानास्पदच. परंतु ज्ञान वाचले आणि जाणता शेतकरी मात्र अडत्याच्या दारी उभाच राहिला, तर तो विजय अर्धाच म्हटला पाहिजे.

म्हणून प्रत्येक हळद बाजारात कर्क्युमिनची व शिशाची विनामूल्य तपासणी हवी, प्रतीनुसार दर हवा आणि अर्क काढण्याचे कारखाने उत्पादकांच्या सहकारी संस्थांच्या हाती हवेत. साखर कारखान्यांचा महाराष्ट्राला अनुभव आहे. त्यातील गुण घ्यावेत, दोष टाळावेत. रंग जमिनीतून येतो. त्याचे मोलही जमीन कसणाऱ्याच्या घरी परत गेले पाहिजे.