रोग दिसतो, जंतू दडून राहतो

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि अवघ्या काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघाले. साथ ओसरली, महापालिकेने शहराची साफसफाई मनावर घेतली आणि गलिच्छ म्हणून हिणवली गेलेली सुरत स्वच्छतेचे उदाहरण ठरली. प्लेगचा जंतू घाई करतो, म्हणून यंत्रणेलाही घाई करणे भाग पडते. क्षयाच्या जंतूला घाई नसते. तो एखाद्या माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे, कधी जन्मभर मुक्काम ठोकतो. त्याच्या भीतीने कोणी शहर सोडत नाही. कामगार गावी परततो तेव्हा जंतूही त्याच्यासोबत निमूटपणे प्रवास करतो.

भारताने क्षयमुक्तीसाठी २०२५ ही मुदत घालून घेतली होती. जागतिक उद्दिष्टाच्या पाच वर्षे आधीची ही मुदत आता सरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये देशात दर लाख लोकसंख्येमागे २३७ नवे रुग्ण होते. २०२४ मध्ये ते १८७ वर आले. घट खरी असली तरी उद्दिष्ट ८० टक्के घटीचे होते आणि प्रत्यक्षात साधली ती सुमारे २१ टक्के. या तफावतीचे एक मोठे कारण जंतूच्या स्वभावातच आहे.

रुग्णाच्या खोकल्यातून हवेत उडालेला जंतू श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात उतरतो. तेथील भक्षकपेशी त्याला गिळतात. इतर बहुतेक जंतू या पेशींच्या पाचक रसांत नष्ट होतात. क्षयाचा जंतू मात्र त्या रसांना स्वतःपर्यंत पोहोचूच देत नाही आणि ज्या पेशीने मारायचे तिच्याच पोटात घर करतो. मग शरीर त्याच्याभोवती पेशींचा वेढा घालून गाठ तयार करते. या गाठीत प्राणवायू तुटपुंजा असतो. तो कमी होताच जंतूमधील ‘डॉस-आर’ नावाची नियंत्रक यंत्रणा जागी होते, त्याची वाढ थांबते आणि शरीरातीलच मेदावर तो तग धरून राहतो. दिल्लीच्या ‘एम्स’मधील जया त्यागी यांच्या गटाने या यंत्रणेवर मोलाचे संशोधन केले आहे.

औषधोपचार लांबतो तो याचमुळे. बरीचशी औषधे वाढत्या जंतूवर प्रभावी ठरतात. निपचित पडलेला त्यांच्या तडाख्यातून निसटतो. रुग्णाचा खोकला काही आठवड्यांत थांबला तरी गोळ्या सहसा सहा महिने घ्याव्या लागतात. ही निद्रा किती दीर्घ असू शकते, याचा पुरावा डेन्मार्कमध्ये मिळाला. १९६१ मध्ये वडिलांमध्ये आढळलेला जंतू आणि १९९४ मध्ये मुलाला झालेल्या क्षयाचा जंतू यांची जनुकीय ओळख जुळली. तो ३३ वर्षे दबा धरून होता.

राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये या संसर्गाच्या खुणा आढळतात. हे लोक आजारी नसतात आणि रोग पसरवतही नाहीत. त्यांतील पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी रोग जडतो. त्यातही संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत धोका सर्वाधिक असतो. नेमका कोणाचा जंतू जागा होईल, हे आजची कोणतीही चाचणी खात्रीने सांगू शकत नाही. त्याला जागे करणारी कारणे मात्र ठाऊक आहेत: कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, धूम्रपान, मद्यपान.

सुरतेचे महत्त्व येथे लक्षात येते. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले यंत्रमाग कामगार तेथील खाणावळवजा खोल्यांत पाळीपाळीने झोपतात. एकाने सोडलेल्या जागेवर दुसरा अंग टाकतो. उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने त्यांची गावाकडे ये-जा चालू असते. २०२१ पासून केंद्राच्या धोरणानुसार रुग्णाच्या घरातील सर्वांना, रोग नसल्याची खात्री करून, प्रतिबंधक औषध देता येते. आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन यांची आठवड्यातून एक मात्रा, अशा बारा मात्रांचा उपचारही त्यासाठी उपलब्ध आहे. परंतु जेथे एका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीनुसार बदलत राहतात, तेथे ‘घर’ कोणाचे मानायचे? बारा आठवडे पुरे होण्याआधीच खोली, कारखाना किंवा राज्य बदलणाऱ्याच्या औषधाची नोंद कोणी ठेवायची?

अन्नाचा प्रश्न याहून मूलभूत आहे. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा पुरवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत क्षयाचे नवे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली, हे स्वागतार्हच आहे. मात्र ती रोग जागा झाल्यानंतर मिळते. ज्याच्या शरीरात जंतू अजून निजलेला आहे, त्याच्या ताटाचा विचार तीत नाही.

गोव्याने हे दूरच्या शहराचे दुखणे मानू नये. वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहती, किनाऱ्यावरील बांधकामे आणि मासेमारी ट्रॉलर परराज्यांतील श्रमिकांच्या बळावर चालतात आणि दाटीवाटीच्या भाड्याच्या खोल्या येथेही आहेत. छोट्या राज्याला एक सोय असते: रुग्णामागे त्याची खोली, त्याचा ठेकेदार आणि सोबती शोधणे येथे आवाक्यातले आहे. रुग्णाच्या गोळ्यांबरोबर त्याच्या खोलीतील सर्वांची तपासणी, प्रतिबंधक औषध आणि शिधा पोहोचला, तर जंतूच्या निद्रेचा काळ वाया जाणार नाही. खोकला सुरू होण्याची वाट पाहणारी मोहीम मात्र दरवर्षी नवे रुग्ण मोजत राहील.