गुलबकावली वाचवायची तर आधी दलदल वाचवा

अमरकंटकच्या गुलबकावलीचे नाव न ऐकलेला माणूस छत्तीसगडमध्ये विरळाच. भिलाई-दुर्गहून बिलासपूर, पेंड्रा रोड असे करत नर्मदेच्या उगमाला जाणारे भाविक परतताना डोळ्यांत घालायच्या गुलबकावली अर्काची बाटली आणतात. हे फूल आणील त्यालाच माझी मुलगी नर्मदा देईन, असा राजा मैकलचा पण होता, ही लोककथा तिकडे घरोघर सांगितली जाते. मराठी घरांत हीच वनस्पती सोनटक्का म्हणून ओळखीची आहे. आल्याच्या कुळातली, ओल्या जमिनीत गड्ड्यांनी पसरणारी आणि पावसाळा सरता सरता संध्याकाळी पांढऱ्याशुभ्र फुलांनी दरवळणारी. मैकल डोंगररांगेच्या माथ्यावर पूर्वी ती ओढ्याओढ्याला होती. आता थोड्याच जागी उरली आहे. तिच्या रक्षणाची भाषा सगळेच करतात, पण ती फुलाभोवतीच फिरते. फूल ज्या दलदलीत उगवते तिचे काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळे संवर्धन त्या प्रश्नापासूनच सुरू व्हायला हवे.

अमरकंटकचे पठार सुमारे १,०५० मीटर उंचीवर आहे. सह्याद्रीच्या सड्यांप्रमाणे इथेही खाली काळा बेसाल्ट आणि वर जांभ्याचा थर आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या घट्ट खडकाशी अडते आणि उतारावर झरे होऊन बाहेर पडते. नर्मदा आणि जोहिला अशाच झऱ्यांतून निघतात. सोनचा उगमही परंपरेने इथलाच मानला जातो. झऱ्यांच्या तोंडाशी जी जमीन उन्हाळ्यातही ओली राहते, तेच गुलबकावलीचे घर. पण बॉक्साइटही याच जांभ्याच्या थरात असते. १९६० च्या दशकापासून इथे खाणी चालल्या, आणि जिथे हा थर खरवडून नेला तिथे पाणी मुरण्याची जागाच गेली. पुढे तीर्थक्षेत्राची गर्दी वाढली. धर्मशाळा, हॉटेले, रस्ते आणि काँक्रीटचे घाट आले. ओली जमीन भरून काढणे हे बांधकामाचे पहिले काम, आणि सरकारी कागदावर अशी जमीन पडीकच असते. अर्कासाठी फुले खुडल्याने बी कमी धरते हे खरे. पण गड्ड्यांनी वाढणारे झाड फुले गेली म्हणून मरत नाही. गड्डे उपटले किंवा पायाखालची ओल आटली की ते मरते. म्हणून ‘फुले तोडू नका’ एवढ्या पाटीने काही साधणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, हे फूल दुर्मीळ आहेच कुठे? कोकणातल्या परसदारी सोनटक्का आहे, क्यूबाचे ते राष्ट्रीय फूल आहे आणि ब्राझीलच्या पाणथळींत तर ते उपद्रवी तण ठरले आहे. हे सगळे खरे आहे. त्यामुळे जगातून ही जात नष्ट होईल अशी भीती कोणी घालू नये. पण परसातली रोपे बहुतेक गड्डे वाटून वाढवलेली, म्हणजे एकाच झाडाच्या नकला असतात. रानात बियांतून पिढ्यान्पिढ्या चाललेली विविधता त्यांत नसते. शिवाय डोंगरावरचे पाणी टिकले आहे की नाही, हे क्यूबातली गुलबकावली सांगू शकत नाही, मैकलवरची सांगते. अमरकंटकच्या ‘माई की बगिया’ या बागेत ती जपली आहे, हे उत्तरही म्हणूनच अपुरे आहे. वाफ्याला पाणी घालता येते, झऱ्याला नाही.

दुसरा आक्षेप भिलाईकरांच्या ओळखीचा आहे: खाण संपल्यावर जमीन पुन्हा हिरवी करता येते, भिलाईजवळच्या नंदिनीच्या बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणींच्या जागी जंगल उभे राहिलेच ना? नंदिनीचे काम चांगलेच आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण ते सपाटीवरचे वृक्षारोपण आहे. झाड लावता येते. लाखो वर्षांत घडलेला जांभ्याचा थर आणि त्याच्या पोटातल्या पाण्याच्या वाटा लावता येत नाहीत. तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अर्क काढून चार पैसे मिळवणाऱ्यांनी करायचे काय? त्यांच्यावर बंदी घालणे अन्यायाचे आणि निरुपयोगी ठरेल. गुलबकावली शेतात सहज वाढते. रोपवाटिकेतले गड्डे त्यांना द्यावेत, त्यांनी आपल्या ओल्या बांधांवर लागवड करावी आणि तोच अर्क विकावा. खप आहेच, तो रानाऐवजी शेताकडे वळवायचा आहे.

कायद्याची वाट मोकळी आहे. अचानकमार-अमरकंटक जीवावरण क्षेत्र २००५ साली जाहीर झाले, २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात गेले, आणि त्याचा मोठा भाग छत्तीसगडमध्ये आहे. पण एवढ्या विस्तीर्ण क्षेत्रात एकरभर दलदल कोणाच्या नजरेत भरणार? जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ नुसार राज्य सरकार स्थानिक संस्थांच्या सल्ल्याने अशा छोट्या जागाही वारसास्थळ म्हणून जाहीर करू शकते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन्ही सरकारांनी पठारावरच्या उरलेल्या दलदली मोजून, नकाशावर आखून हे करावे, आणि त्यांच्या वरच्या उतारावर नवी खाण किंवा बांधकाम होऊ देऊ नये. भिलाईच्या नळाला हे पाणी येत नाही. आपले पाणी तांदुला आणि गंगरेल धरणांचे. तरीही डोंगरांतल्या खनिजांवर उभ्या राहिलेल्या या शहराने डोंगरांसाठी बोलायला हवे. इथल्या खाण अभियंत्यांनी आणि शिक्षकांनी दलदलींच्या मोजणीत हात द्यावा. आणि जे यंदा नर्मदेच्या दर्शनाला जातील त्यांनी रानातले गड्डे विकत घेऊ नयेत, अर्काची बाटली घेताना फूल शेतातले की रानातले हे विचारावे.