पाणी कुणी नासवले?

(द्वितीय वर्ष, कला)

वक्तृत्व स्पर्धेत भटक्या लोकांचा विषय निघाला की एकच सूर लागतो : त्यांना स्थिर करा, शिकवा, की त्यांचा उद्धार झालाच! सिंधू नदीवरच्या मोहाणा लोकांविषयी वाचल्यापासून हा सूर मला अर्धवट वाटू लागला आहे.

मंचर सरोवर (आपल्या पुणे जिल्ह्यातले मंचर नव्हे) पाकिस्तानच्या सिंध प्रांतात, सेहवान गावाजवळ आहे. मोहाणांचे घर म्हणजे लाकडी होडी. चूल होडीत, पाळणा होडीत, लग्नाचा संसारही होडीतच. मासळी जिकडे, तिकडे मुक्काम. बगळे पाळायचे आणि त्यांना भुलून उतरणारे रानपक्षी धरायचे, ही त्यांची खास विद्या. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर छपराची सपाट होडी कोरलेली आहे. तिचे यांच्या होडीशी नाते आहे, असे पुष्कळजण मानतात.

एकेकाळी यांच्या होड्या माल घेऊन सिंधूवर दूरदूर जात. मग आगगाडी आली. १९३२ साली सक्करचा आणि १९५५ साली कोटरीचा बंधारा झाला. समुद्रातून वर चढणारा पल्ला मासा कोटरीला अडला. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत ज्या झूलेलालांची पूजा होते, त्यांचे आसन याच माशावर असते!

बंधाऱ्यांमुळे शेती पिकली, हे नाकारून कसे चालेल? परंतु शेतांतले खारट निचऱ्याचे पाणी मेन नारा व्हॅली ड्रेन नावाच्या चराने मंचरमध्ये सोडले गेले. गोडे पाणी खारावले, मासळी खालावली, कमळे गेली. शेकडो होड्यांच्या वस्तीतल्या आता मोजक्याच उरल्या आहेत. बाकीचे लोक काठावर झोपड्या बांधून 'स्थिर' झाले. सप्टेंबर २०२२ च्या महापुरात सेहवान वाचवण्यासाठी सरकारने मंचरचा बांध फोडला, तेव्हा पाणी आजूबाजूच्या खेड्यांत घुसले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे शाळेची किंमत मला कुणी सांगायला नको. होडीतल्या मुलाने जरूर शिकावे. पण त्याचे जगणे मागासलेले होते म्हणून संपले, हे मला मान्य नाही. ते संपले पाणी नासल्यामुळे, आणि तो चर आखणारे अडाणी खासच नव्हते. कालव्यांचे फायदे आम्ही परीक्षेत मुद्देसूद लिहितो. निचऱ्याचे पाणी कुणाच्या दारात जाते, हेही प्राध्यापकांनी एकदा विचारावे. पाच मार्कांना का होईना!