लोणावळ्यातील एक मानसशास्त्रज्ञ

लोणावळे म्हटले की परगावच्या माणसास चिक्की व धबधबे आठवतात, आणि आपल्या मावळातील मुलांचे ज्ञानही बहुधा तेथेच थांबते. परंतु 1924 साली स्वामी कुवलयानंद यांनी येथे कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची परीक्षा प्रयोगशाळेत करण्याचा उपक्रम आरंभिला, आणि 1930 नंतर लवकरच कोवूर बेहनन हे अमेरिकेतील येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ त्यांच्यापाशी शिकावयास आले. केरळातील मार्थोमा मंडळीच्या एका धर्मगुरूचे हे पुत्र. प्रसिद्ध बुद्धिवादी अब्राहम कोवूर हे त्यांचे बंधू.

योगाने मन खंबीर होते, असे ऐकून मान डोलावणारे पुष्कळ व ऐकताच हसणारेही पुष्कळ. बेहनन यांनी दोन्ही सोपे मार्ग सोडले. आसने व प्राणायाम स्वतः शिकून त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि त्यांचे फलित 1937 साली इंग्रजी ग्रंथात प्रसिद्ध केले. उज्जायी, भस्त्रिका व कपालभाति करताना शरीर नेहमीपेक्षा अधिक प्राणवायू वापरते, असे त्यांना आढळले. पुढे बेरजा करणे, रंगांची नावे सांगणे अशा कसोट्या त्यांनी घेतल्या, तेव्हा प्राणायामानंतर मनाची गती वाढण्याऐवजी काही काळ मंदावलेली दिसली! गुरूविषयी आदर असूनही त्यांनी हे लपविले नाही. तसेच, लोणावळ्यास ज्या साधकांच्या सहवासात ते राहिले त्यांची प्रसन्नता व मनाची स्थिरता विरळाच, हेही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने नमूद केले.

एका माणसाच्या स्वतःवरील प्रयोगावरून सिद्धान्त बांधता येत नाही, हे खरे. तथापि दुःख सोसण्याचे बळ आणि झटपट बेरीज करण्याची चलाखी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यांच्या नोंदींत स्पष्ट दिसतो. परीक्षा जवळ आली की काही पालक गुण वाढावेत म्हणून मुलांना प्राणायामास बसवितात, तर दुसरे काही, तो परधर्माचा आचार म्हणून, मुलांस त्याजवळ फिरकू देत नाहीत. आमच्या मते दोघांनीही परीक्षेवाचूनच निकाल लावला आहे.

शाळेत गणिताच्या तासापूर्वी प्राणायाम घ्यावा, अशी सूचना पालकांकडून वारंवार येते. ती अमलात आणण्यापूर्वी वरच्या वर्गातील मुलांनी महिनाभर, प्राणायामाच्या आधी दहा व नंतर दहा बेरजा घड्याळ लावून कराव्यात आणि लागलेला वेळ वहीत टिपून ठेवावा. वह्या पालकसभेत सर्वांसमक्ष वाचाव्यात. निर्णय त्यानंतर घेता येईल.